अक्काकडे जाणे

तिल्लैनायगम यांच्या खिशात एक वेळ पैसे नसले तरी चालायचं, पण चिठ्ठी नसली की माणूस कावराबावरा व्हायचा. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरपुढे उभे राहत. रोज एक पान फाडायचं ते जाडजूड कॅलेंडर. कालचं पान फाडायचं, आजच्या पानावरचा राहूकाळ, यमगंड आणि चांगली वेळ घरभर ऐकू जाईल अशी वाचायची, आणि मग फाडलेल्या पानाच्या कोऱ्या पाठीवर दिवसाची कामं लिहायला बसायचं. सगळ्यात वर श्रीकारासारखा गणपतीचा वळसा, त्याखाली कामं, प्रत्येक कामापुढे वेळ. गॅसवाल्याला सांगणे. दळण. शेजाऱ्याला उसनी दिलेली शिडी परत मागणे. झालेल्या कामावर आडवी रेघ, राहिलेलं काम उद्याच्या चिठ्ठीवर. पशुवैद्यक खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस, निवृत्त झाला तरी फाईल काही सुटेना.

बायको तैयलनायगी इडलीचं पीठ ढवळता ढवळता म्हणायची, "अहो, श्वास घेणे लिहिलंत का? नाहीतर राहून जायचं एखाद्या दिवशी."

"तू हस. पण या घरात कधी दिव्याचं बिल थकलंय?"

"नाही थकलं. मीच थकले."

खरं म्हणजे ही खोड त्यांना लावली ती त्यांच्या अक्कानं, वडिवांबाळनं. आई गेली तेव्हा नायगम दुसरीत होते आणि अक्का परकर नेसणारी पोरगी. पोरगा विसरभोळा. दुकानात पाठवलं तर हात हलवत परत यायचा, शाळेत पाटी विसरून यायचा. मग अक्का आपल्या तंबीला, म्हणजे धाकट्या भावाला, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहून द्यायची. दही, पेन्सिल, घरी येताना चपला घालून येणे. चिठ्ठीची चार पदरी घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात घालायची आणि खिशावर दोनदा थोपटायची. ते थोपटणं नायगमना अजून आठवायचं, पण आठवतं असं ते कुणाला सांगायचे नाहीत. अक्काशी बोलणं बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

भांडण झालं ते मुलीच्या लग्नात. कयल्विळी ही नायगमची एकुलती एक लेक, पण अर्धी अक्काचीच. अक्काला मूलबाळ नव्हतं. सुटी लागली की पोर शिर्काळीला आत्याकडे जायची आणि सुटी संपली की वेणीत अबोली माळून, गोबरे गाल घेऊन परत यायची. अशा पोरीच्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि दुसरी, ताटात पानसुपारी-फळं घालून, आत्याच्या घरी जाऊन तिच्या हातात द्यायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नायगमनाही कळत होतं. पण ज्या दिवशी जायचं ठरवलं, त्या दिवशी त्यांच्या गावाहून, मायवरमहून, शिर्काळीची सोयीची बस नेमकी राहूकाळात सुटत होती. म्हणून त्यांनी ते काम गुरुवारवर ढकललं, आणि हाताशी वेळ आहे तर म्हणून गल्लीतल्या दोन-तीन पत्रिका वाटून टाकल्या. गुरुवार उजाडायच्या आत अक्काच्या नवऱ्याला, कलियपेरुमाळना, विड्याच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, "काय हो, भाचीचं लग्न ठरलं म्हणे!"

गुरुवारी नायगम ताट घेऊन हजर. अक्कानं ताट घेतलं, खाली ठेवलं आणि विचारलं, "तंबी, तुझ्या यादीत मी कितवी रे?"

कुणीही शहाणा भाऊ म्हणाला असता, पहिली गं, तूच पहिली. तिला तेवढंच ऐकायचं होतं. नायगमनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा नाकावर चढवला, आणि बघून सांगितलं, "चौथी."

अक्का लग्नाला आली. शेवटच्या रांगेत बसली, पंगतीत जेवली, आणि आत्यानं ओवाळायची वेळ आली तेव्हा बस पकडायला निघून गेली. त्यानंतरच्या पोंगलला नायगम फुगून बसले होते. पोंगलला माहेराहून लेकीला सीर जाते. तांदूळ, गूळ, ऊस, ओल्या हळदीचं पानांसकट झाड, नवं भांडं, नवं लुगडं. आईबाप नसले तर ती भावानं न्यायची. नायगमनी सगळी सीर एका ऑटोत भरली आणि ऑटोवाल्याला पत्ता दिला. संध्याकाळी तोच ऑटो तीच सीर घेऊन दारात उभा. ऑटोवाला बिचारा मान खाली घालून म्हणाला, "अम्मांनी निरोप दिलाय. सीर माणसानं आणायची असते, ऑटोनं नाही."

झालं. याचा पीळ सुटेना, तिचा सुटेना. वीस-बावीस किलोमीटरचं अंतर, दर अर्ध्या तासाला बस, आणि सहा वर्षं कुणी कुणाचं तोंड पाहिलं नाही.

त्या वर्षी मार्गळी महिना सरत आला, पोंगल तोंडावर आला असताना तैयल वैद्यनाथाच्या देवळात गेली होती. तिथे तिला कलियपेरुमाळ भेटले. दुखणेकऱ्यांच्या त्या देवाकडून ते औषधाची विभूती न्यायला आले होते. घरी येताच चपलाही न काढता ती म्हणाली, "अहो, अक्काचं काही खरं नाही. दोन पावलं चालली की धाप लागते. पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात, काळीज दमलंय."

नायगम वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही.

"तुमचे अत्तान, अक्काचे यजमान, काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ती काही बोलत नाही. पण मायवरमची बस कोपऱ्यावर थांबली की पडल्या पडल्या मान वळवते."

मग पेपरामागून आवाज आला, "यंदा सीर मी घेऊन जातो."

तैयलला वाटलं, कान वाजले. "कोण? तुम्ही?"

"माणसानं आणायची ना? मग मी माणूसच आहे."

"बरं झालं सांगितलंत," तैयल म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली.

दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीवर गणपतीच्या वळशाखाली पहिल्यांदा एकच मथळा आला, अक्काची सीर. त्याखाली एकेक वस्तू. काशाचं भांडं घ्यायला चांगली वेळ बघून गेले. ठोकून बघितलं, कानाशी धरून नाद ऐकला, तीन भांडी नाकारली. तांदूळ नवा, गूळ काळसर, कारण अक्काला पिवळा गूळ खपत नाही. ऊस दोन, शेंड्यासकट. हळदीचं झाड पानं न मोडलेलं. साडीच्या दुकानात तर त्यांनी तैयललाही बोलू दिलं नाही. हिरवीगार साडी, मोहरी रंगाचे काठ. "अक्काच्या लग्नात तिला असली हवी होती," ते म्हणाले, "अप्पांनी लाल घेतली." चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि हा माणूस म्हणे विसरभोळा.

गुरुवारी तिन्हीसांजेला सगळ्या वस्तूंवर आडव्या रेघा पडल्या. उरलं एकच काम, अगदी तळाशी. अक्काकडे जाणे.

"चला मग," तैयल म्हणाली. "सातची बस आहे."

"दिवेलागणीला सीर घेऊन कोण जातं? उद्या."

आजचं पान फाडायच्या आधी उद्याचं वाचायचं नाही, असा त्यांचा नेम होता. सकाळी पान समोर आलं तर अष्टमी. अष्टमीला शुभकार्य नाही. शनिवारी नवमी, ती अष्टमीची बहीण. रविवारपासून तीन दिवस त्यांच्या राशीला आठवा चंद्र. आठव्या चंद्रात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, तोंडातून भलतंच निघतं, हे पानावर छापलेलंच असतं. चिठ्ठीवरचं ते एक काम रोज नव्या चिठ्ठीवर उतरत राहिलं. ऊस कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. हळदीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली.

सोमवारी तैयलचा धीर सुटला. "अहो, बहिणीला भेटायला कसला आला चंद्र? ती काय मुंडावळ्या बांधून बसलीये?"

"तुला कळत नाही. सहा वर्षांनी जातोय. एक शब्द वाकडा गेला तर जन्माचं तुटेल."

"आता काय जोडलेलं आहे?"

ते उठून कॅलेंडरपुढे जाऊन उभे राहिले.

"मग मी नेते सीर. मी बोलेन सरळ."

"तिनं काय निरोप दिला होता? माणसानं आणायची. म्हणजे भावानं. तू नेलीस तर परत येईल."

तेही खरंच होतं. पण खरं कारण चंद्रही नव्हता आणि अष्टमीही नव्हती. माणूस घाबरला होता. दार उघडून अक्का काय म्हणेल, पुन्हा "कितवी रे" म्हणेल का, आणि मग आपण काय सांगायचं, याची साठी गाठलेल्या माणसाला धडकी भरली होती. कॅलेंडरनं त्याला रोज लपायला एक कोपरा दिला आणि तो लपला. कॅलेंडर छापणाऱ्याचा यात काय दोष?

मंगळवारी भोगी. जुनी केरसुणी, फाटक्या चटया दारात जाळायचा दिवस, त्या दिवशी नवी सीर न्यायची म्हणजे काहीतरीच. बुधवारी पोंगल. सणाच्या रीतीप्रमाणे घरचं दूध उतू गेलं, "पोंगलो पोंगल" झालं, लेकीचा फोन आला. तिलाही नायगमनी सांगितलं, आत्याकडे जाणार आहे. "कधी, अप्पा?" "शनिवारी." कारण पोंगलपासून तै महिना लागतो आणि त्याचे पहिले तीन दिवस करिनाळ, काळे दिवस. कॅलेंडरात तसं ठळक छापलं होतं.

"पोंगल झाल्यावर पोंगलची सीर," तैयल म्हणाली. "वरातीमागून घोडं."

"तै जन्मला की वाट जन्मते, अशी म्हण आहे."

"वाट जन्मते हो. पण चालावं आपल्यालाच लागतं."

नायगम उठून कोपऱ्यात गेले. उसांचे शेंडे वाळले होते, ते त्यांनी सरळ केले. हळदीच्या मुळांवर तांब्याभर पाणी शिंपडलं. साडीची पिशवी उघडून आत बघितली आणि पुन्हा बंद केली. तैयल हे सगळं दारातून बघत होती. तिला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती.

शुक्रवारी सकाळी नायगमनी पान फाडलं. "राहूकाळ साडेदहा ते बारा," त्यांनी वाचलं. चिठ्ठी लिहिली. उद्या शनिवार, सकाळी पावणेआठला चांगली वेळ, दर शनिवारी तीच. अक्काकडे जाणे, असं लिहून त्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, म्हणजे आता हे ढळणार नाही. चिठ्ठी खिशात घातली. तैयलकडे बघून म्हणाले, "उद्या तूही चल. दोघं जाऊ."

तिला इतकं बरं वाटलं की तिनं दुपारसाठी अवियल करायला घेतलं.

दहा वाजून गेल्यावर दारात सायकल थांबली. शिर्काळीचा एक ओळखीचा माणूस, अक्काच्या गल्लीतला. तो आत आला नाही. ओट्याखालीच उभा राहिला, पाणी देऊ केलं तर नको म्हणाला. मरणाचा निरोप आणणारा माणूस घरात येत नाही आणि पाणी पीत नाही. तैयलला ते पाहूनच कळलं. नायगमना कळायला वेळ लागला. ते म्हणाले, "आम्ही उद्या येतोच आहोत. सांग अक्काला."

"अय्या," तो माणूस म्हणाला, "पहाटे गेल्या अम्मा."

नायगम आत गेले. तैयल मागे धावली. बघते तर त्यांनी ऊस खांद्यावर घेतला होता, एका हातात काशाचं भांडं, आणि दुसऱ्या हातानं हळदीचं झाड उचलायला वाकले होते. पानं गळून खाली पडत होती आणि ते ती गोळा करत होते.

"अहो," तैयल म्हणाली. तिनं त्यांचा हात धरला. "अहो, ते नाही न्यायचं. ठेवा ते. फक्त साडी."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. ते काशाचं होतं, ते वाजलं.

पावणेअकराच्या बसमध्ये ते बसले तेव्हा भर राहूकाळ होता. तैयलच्या ते ध्यानात आलं. नायगमच्या आलं की नाही, ते तिनं विचारलं नाही. रस्ताभर त्यांनी साडीची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. वैद्यनाथाचं गोपुर आलं तेव्हा सगळ्या बसनं हात जोडले. त्यांचे हात पिशवीवरून सुटले नाहीत. अर्ध्या तासात शिर्काळी आली. इतकी जवळ होती शिर्काळी.

कलियपेरुमाळ ओट्यावर बसले होते. भांडायचं त्राण त्यांच्यात नव्हतं, आणि भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सरकून नायगमना जागा दिली.

"पोंगलला सकाळी चूल मांडली तिनं अंगणात," ते म्हणाले. "बसून बसून मांडली. म्हटलं, भांडं? तर म्हणाली, विकत आणू नका, यंदा तंबी आणतोय. वर मलाच विचारलं, तैयलनं सांगितलं ना तुम्हाला, देवळात? मी म्हटलं, अगं, ती काहीच बोलली नाही, मीच तिला तुझं सांगितलं. तर म्हणाली, मग येईलच. कळल्यावर तो राहायचा नाही."

नायगम जमिनीकडे बघत होते.

"दुपार कलली. सगळ्या गल्लीचं दूध उतू गेलं. शेवटी शेजारणीनं आपलं भांडं धुऊन आणून दिलं, तेव्हा शिजवलं. काल सकाळी कावळ्याला घास ठेवले, भावाला आयुष्य मिळावं म्हणून बहिणी ठेवतात तसे, दरवर्षीसारखे. हळदीच्या पानांवर ठेवायचे असतात, ती नव्हती. केळीच्या तुकड्यावर ठेवले."

"दरवर्षी?" नायगमनी विचारलं.

"दरवर्षी म्हणजे दरवर्षी. भांडण झालं त्या वर्षीसुद्धा. रडत होती आणि ठेवत होती. काल मला म्हणाली, तो यादी बघत असेल हो. माझाच दोष. मीच त्याला चिठ्ठ्या लिहून दिल्या."

नायगमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखं, शेंबूड गळेपर्यंत. अंगणातल्या बायांनीही सूर धरला.

आत अक्काला न्हाऊ घातलं होतं. सवाष्ण गेली, म्हणून कपाळभर कुंकू होतं, केसांत फुलं होती. बाहेर पुतणे, भाचे, दीर सगळे आपापली नवी वस्त्रं घेऊन उभे होते. ज्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात सगळे विधी होते, तो उंबऱ्यावर आला आणि त्यानं हाक दिली, "माहेरचं कोण आलंय?"

सगळ्यांनी वळून नायगमकडे पाहिलं.

"मगासपासून थांबवून ठेवलंय सगळ्यांना," म्हातारा म्हणाला. "माहेरचं कोरं लुगडं पडल्याशिवाय बाईच्या अंगावर दुसऱ्या कुणाचं वस्त्र पडत नाही. सगळ्यात आधी भाऊ. बाकीच्यांनी मागे व्हा."

माणसं बाजूला झाली. मध्ये वाट पडली. नायगम पिशवी घेऊन त्या वाटेनं आत गेले. पिशवीची गाठ त्यांना सुटेना, ती तैयलनं सोडली. हिरवी साडी, मोहरी रंगाचे काठ. बायांनी ती पसरून अक्काच्या अंगावर घातली. कुणीतरी हळूच म्हणालं, शोभतेय हो. नायगम वाकले, अक्काच्या कानापाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाले. तैयल शेजारीच होती, तिला ऐकू आलं.

"पहिली गं अक्का," ते म्हणत होते. "तूच पहिली."

मायवरमला परत यायला तिन्हीसांज झाली. मयताहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात जायचं नाही, म्हणून दोघं मागच्या दारानं विहिरीवर गेले. नायगमनी अंगावर घागरी ओतून घेतल्या, कपड्यांसकट. मग ओला शर्ट काढून दगडावर टाकला आणि पायरीवर बसून राहिले.

तैयल शर्ट पिळायला गेली तर खिशात चिठ्ठी. ओली होऊन कापडाला चिकटली होती. तिनं ती अलगद सोडवली. शाई फुटली होती, पण गणपतीचा वळसा दिसत होता आणि तळाशी त्या दोन रेघाही दिसत होत्या. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्या चिठ्ठीला कधी हात लावला नव्हता. आता काय करावं ते तिला कळेना. फेकवेना, ठेववेना. जाऊन तर आलो, असं तिला वाटलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "अहो, हे एक राहिलंय. खोडू का?"

नायगमनी मान वर करून चिठ्ठीकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "ते झालं नाही."